अर्थिंग तपासा

बिलाच्या तळाशी छापील ओळ आहे: ‘ग्राहकाचे पूर्ण समाधान झाले.’ ग्राहक मी. मला कोणी विचारलं नाही.

गाडी नवी कोरी, इलेक्ट्रिक. पहिल्या दिवसापासून पुढच्या चाकाखाली खडा आला तरी मणक्याला बातमी. स्पीडब्रेकरवर तर पुढून ‘ठक्’ असा आवाज यायचा, जणू खालून कोणी हातोडी मारतंय. सर्व्हिस ॲडव्हायझरचं ठरलेलं उत्तर होतं, “सर, इलेक्ट्रिक गाडीची राइड कडकच असते.” या वाक्याचा मला राग यायचा, कारण ते अर्धं खरं आहे. पायाखाली 300 किलोंची बॅटरी, तिला पेलायला ताठ स्प्रिंगा, मोठी चाकं आणि पापडासारखी बारीक टायरची कड. वर इंजिनाची घरघर नाही, म्हणजे बारीकसारीक खडखडही थेट कानात. पूर्ण खोटं असतं तर भांडलो असतो. अर्ध्या खऱ्याशी भांडता येत नाही.

पहिल्या फेरीत टायरमधली हवा मोजली तर 44 पीएसआय. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर 36, तेही थंड टायरसाठी. मी पोचलो तो 20 किलोमीटर चालवून, त्यांनी त्या तापलेल्या टायरांतच हवा 36 केली. सकाळी थंड टायरात मोजली तर 33. दुसऱ्या फेरीत बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट. अहो, बॅलन्सिंग बिघडलं तर वेगात स्टिअरिंग थरथरतं, अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते. खड्ड्यात ‘ठक्’ होण्याशी दोघांचाही संबंध नाही. पण यंत्र घेतलेलं असलं की ते चालवावं लागतं.

तिसऱ्या फेरीला काका भेटले. जावयाची गाडी घेऊन आलेले, आणि उभा जन्म वायरमन म्हणून काढलेला. मी ॲडव्हायझरला शॉक ॲब्सॉर्बर बघायला सांगत होतो. काकांनी त्यातला एकच शब्द उचलला.

“शॉक बसतो?”

“नाही हो काका, तो शॉक नाही.”

“हाताला बसतो की बुडाला?”

“बुडाला. पण काका...”

“मग अर्थिंग गेलंय.”

मी समजावलं की शॉक ॲब्सॉर्बरमध्ये वीज नसते, तेल असतं. काका माझ्याकडे कणवेने बघत राहिले. “इलेक्ट्रिक गाडीत तेल? फसवलं तुम्हाला.”

मग त्यांनी उलटतपासणीच सुरू केली. गाडी जमिनीला कुठे टेकते? टायरवर. टायर कशाचे? रबराचे. मग अर्थिंग कुठून येणार? टँकरला मागून साखळी का सोडतात? साखळीशी मी क्षणभर अडलो, कारण टँकरच्या अंगावर साठणारी स्थिर वीज हा प्रकार खराच आहे. अडायला नको होतं. तीन फेऱ्यांत माझं बोलणं दोन मिनिटं न ऐकलेल्या ॲडव्हायझरने जॉब कार्डवर लिहिलं, ‘अर्थिंग चेक करणे.’ मी वाकून पाहिलं. माझ्या तक्रारीपुढे प्रश्नचिन्ह होतं.

टेस्ट ड्राइव्हला काका मागच्या सीटवर. तळहात दाराच्या पत्र्यावर टेकवलेला, डोळे मिटलेले. प्रत्येक खड्ड्याला पुकारा: “आला! ... हा बारका. ... आला! हा 440चा.” मेकॅनिक गाडी चालवताना हसू दाबत होता, आणि माझ्या लक्षात आलं की माझा त्रास पहिल्यांदाच कोणीतरी नीट मोजतंय.

परत आल्यावर चाकं वळलेलीच राहिली होती. साखळी कुठे अडकवता येईल हे बघायला काका पुढच्या चाकापाशी गुडघ्यावर बसले, मोबाइलचा दिवा लावला आणि म्हणाले, “स्प्रिंगात हे काय घातलंय?”

स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये मुठीएवढा काळा रबराचा ठोकळा. दुसऱ्या बाजूलाही तसाच. नवी गाडी ट्रेलरवरून येताना उसळू नये म्हणून असे ठोकळे घालतात. मालकाला चावी देण्याआधी ते काढायचे असतात. माझ्या डिलिव्हरीच्या यादीत त्यापुढे बरोबरची खूणही होती. स्प्रिंगला दबायला जागाच नाही, म्हणून प्रत्येक दणका सरळ बॉडीला. आणि म्हणूनच गाडी पुढून जरा उंच दिसायची. हा ग्राउंड क्लिअरन्स मी महिनाभर लोकांना कौतुकाने दाखवत होतो. दोन वेळा ती लिफ्टवर चढली, पण चाकाच्या वर बघावं असं कुणाच्या मनात आलं नाही.

जॅक लावून ठोकळे निघाले. काकांनी एक हातात घेऊन अंगठ्याने दाबला. “रबर. म्हणजे इन्सुलेटर. मी काय सांगत होतो?” ॲडव्हायझरने मान हलवली. मेकॅनिकने हलवली. खोटं कशाला बोलू, मीही हलवली.

गाडी आता मऊ चालते. मी मात्र अजून खड्डा दिसला की सीटवरून अर्धा उठतो. बिलात ‘अर्थिंग तपासले, ठीक’ आहे आणि खाली ठोकळे काढण्याची मजुरी आहे. विसरले हे, मजुरी माझ्याकडून. मजुरी कमी करण्यासाठी अर्धा तास भांडलो. मॅनेजर म्हणाले, “काम तर झालं ना सर?”

काका एक ठोकळा खिशात घालून गेले, जावयाच्या गाडीत बसवून बघणार म्हणे. दुसरा मी मागितला, निदान पुरावा म्हणून.

“तो देता येणार नाही सर,” ॲडव्हायझर म्हणाला, “कंपनीचा पार्ट आहे.”