तक्ता लोखंडाचा, चिकटवला बर्नरला

"लाल ज्योत 600 अंश, पिवळी 1000, निळी 1500. रंग बघा, तापमान सांगा!" प्रयोगशाळेतल्या बन्सेन बर्नरच्या चित्रासकट हा तक्ता शिक्षकांच्या ग्रुपांवर वर्षातून दोनदा तरी येतोच.

तक्ता अगदीच हवेतला नाही. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी मंद लाल, मग नारिंगी, पिवळं आणि शेवटी पांढरं होतं, तेव्हा रंगावरून तापमानाचा अंदाज येतो. पण हा नियम तापून प्रकाशणाऱ्या घन किंवा दाट वस्तूंचा. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे 5500 अंश सेल्सिअस, तरी तो निळा दिसत नाही. मग 1500 अंशांची ज्योत नुसती तापून निळी कशी होईल?

तो निळा रंग रासायनिक क्रियेचा. जळताना गॅसचे रेणू फुटतात, कार्बन-हायड्रोजन आणि कार्बन-कार्बन अशा क्षणभर टिकणाऱ्या जोड्या बनतात, आणि त्या आपापला ठरावीक प्रकाश सोडतात: पहिली 431 नॅनोमीटर तरंगलांबीच्या (प्रकाशाचा रंग ठरवणारं माप) आसपास निळा-जांभळा, दुसरी 516 च्या आसपास हिरवट.

पिवळ्या ज्योतीला मात्र तक्ता थोडाफार लागू पडतो, कारण तिथे काजळीचे घन कण तापून उजळतात. बर्नरच्या नळीवरची कडी (कॉलर) फिरवून हवेचं भोक बंद करा. ज्योत लांब, पिवळी, डुलती होते आणि वर धरलेल्या बीकरचं बूड बघता बघता काळं पडतं. एकाच बर्नरची निळी ज्योत पिवळीपेक्षा गरम, हे खरंच. पण ती गरम होते आत आलेल्या हवेमुळे.

"पिवळं दिसलं म्हणजे थंड" हे मोडायला चिमूटभर मीठ पुरतं. मिठाच्या पाण्यात बुडवलेली प्लॅटिनमची तार निळ्या ज्योतीत धरा, भसकन पिवळं! ज्योत 500 अंशांनी थंड झाली का? छे. तो मिठातल्या सोडियमचा 589 नॅनोमीटरचा प्रकाश. वरण उतू गेलं की शेगडीवर पिवळ्या जिभा उठतात त्या यामुळेच. (त्यावरून "गॅसमध्ये भेसळ आहे" म्हणत एजन्सीला फोन लावणारे माझ्याच घरात आहेत. ज्योत कायमच पिवळी राहून भांडी काळी पडत असतील, तर बर्नर साफ करून घ्या, ते वेगळं.) तांब्याचे क्षार हिरवा रंग देतात, पोटॅशियमचे फिकट जांभळा. बन्सेन आणि किर्खहोफ या शास्त्रज्ञांनी 1860 मध्ये सीझियम हे नवं मूलद्रव्य हुडकलं ते वर्णपटातल्या दोन निळ्या रेघांवरून. त्यांनी रंगात थर्मामीटर शोधलाच नव्हता.

राहिला तक्त्यातला बाण: "आतला निळा शंकू सर्वात गरम." काडेपेटीच्या काडीला गुलाच्या खाली टाचणी आडवी टोचा, बर्नरच्या नळीच्या तोंडावर ती मधोमध टेकवा, गूल वर राहू द्या, आणि मग गॅस पेटवा. भोवती ज्योत फुरफुरत असते आणि गूल तसंच कोरडं, लालच्या लाल! आत न जळलेला गॅस आणि हवा असते. सर्वात गरम जागा त्या शंकूच्या टोकाच्या किंचित वर असते. बीकर ठेवायचा तो तिथे.