पुन्हा ओट्यावर पाणी!

सहा महिन्यांत तिसऱ्यांदा सकाळी उठून बघते तर कॉफी मशीनखाली पाण्याचं थारोळं! आधी संशय टाकीवर. टाकी भरून रात्रभर टिश्यू पेपरवर ठेवली, पेपर कोरडाच. मग कॉफी करताना नीट बघितलं तर हँडल फिरवून बसवतो तिथल्या कडेनं पाणी येत होतं. आतली रबरी रिंग रोजच्या उष्णतेनं कडक होऊन तडकली होती. एस्प्रेसोला साधारण ९ बारचा दाब लागतो, तो अशी रिंग कसा धरणार?

सर्व्हिस सेंटर म्हणालं, सुटी रिंग मिळत नाही, अख्खं हेड, म्हणजे हँडल बसतं तो सगळा भागच, बदला. अख्खं! कुकरची रिंग कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात मिळते, मग हिची का मिळू नये? शेवटी माप घेऊन ऑनलाइन मागवली. जुनी उचकटताना बोटं सोलली. खाचेत कॉफीचा काळा राप साचला होता, तो घासायलाच अर्धा तास गेला.

आणि आज परत टपटप! आता वाफेच्या नळीतून. बोअरच्या पाण्याचा क्षार झडपेत बसलाय, ती पूर्ण बंदच होत नाही. म्हणजे आता सायट्रिक ॲसिड आणा, मशीन धुवा, आणि तोवर कॉफी नाही.