अंगठ्यापासून चार बोटं

शाळेत गृहपाठ केला नाही की मास्तर अंगठे धरून उभं करायचे. गुडघे ताठ, पाठ आडवी आणि पाठीवर डस्टर. डस्टर पडला की शिक्षा पहिल्यापासून. आता पन्नाशी उलटल्यावर तीच शिक्षा मी पैसे भरून घेतो. हिला हॅमस्ट्रिंग स्ट्रेच म्हणतात, म्हणजे मांडीमागचे स्नायू ताणणं.

दोष साताऱ्याच्या हवेचा. २०१२ साली इथे हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि तेव्हापासून यवतेश्वरच्या घाटात पहाटे गाड्यांपेक्षा माणसं जास्त दिसतात. एकवीस किलोमीटर, अर्धं कासच्या दिशेला चढायचं, अर्धं उतरायचं. धावण्याबद्दल माझी तक्रार नाही. धावताना निदान रस्ता तरी मागे सरतो. स्ट्रेचिंगमध्ये माणूस जागच्या जागी राहतो आणि फक्त दुखणं पुढे सरकतं.

आमचा कोच पंचविशीतला. रबराचा असावा. "सर, रिलॅक्स," असं तो नेमका मांडीमागच्या शिरा तुटायला आल्या की म्हणतो. "तीस सेकंद होल्ड." पंचविसापर्यंत मोजलं की कुणाची तरी कंबर सरळ करायला जातो आणि परत येऊन पंधरापासून सुरू करतो.

तरी हल्ली धावण्याआधी ही शिक्षा नसते. स्नायू बराच वेळ ताणून धरले की त्यांचा जोर काही काळ कमी पडतो, म्हणून आधी फक्त पाय झुलवायचे. कंपाउंडची भिंत धरून मी पाय मागेपुढे फेकत असतो, तेव्हा दूधवाला गाडी थांबवून काळजीने विचारतो, "काका, मुंग्या आल्या का?"

हे हॅमस्ट्रिंग प्रकरण बैठकीच्या हाडापासून निघतं, गुडघा ओलांडतं आणि खाली नडगीच्या हाडांना जाऊन चिकटतं. सरावाने माणूस जास्त वाकू लागतो, तो स्नायू लांबला म्हणून कमी आणि ताण सोसायची सवय झाली म्हणून जास्त, असं म्हणतात. म्हणजे मामला सहनशक्तीचा. ती माझ्याकडे भरपूर असायला हवी, मी सोसायटीचा सेक्रेटरी आहे.

बरं, एवढं ताणून दुसऱ्या दिवशीचं ठणकणं थांबतं का? फारसं नाही, हे अभ्यासांत दिसून आलंय. मी ते कोचला वाचून दाखवलं. "सर, वाचू नका, वाका," म्हणाला.

खरा हिशेब चुकता होतो तो उताराचा. घाट उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचं काम करतात, त्यांना बारीक बारीक इजा होते आणि बिल दोन दिवसांनी येतं. शर्यत रविवारी. मंगळवारी ऑफिसच्या जिन्यावर जो कठडा धरून उलटा उतरतोय, तो रविवारी धावलेला. कमोडवर बसताना जो देवाचं नाव घेतो, तोही.

आईला यातलं काही पटत नाही. पंचाहत्तरीची आहे, पण खाली सांडलेला शेंगदाणा गुडघे न वाकवता उचलते आणि तोंडातही टाकते. परवा मी हॉलमध्ये पाय पसरून, तळव्यांना टॉवेल अडकवून कण्हत होतो. ती फरशी पुसायचं फडकं घेऊन आली.

"काय चाललंय?"

"अंगठा धरतोय."

"कुणाचा?"

उत्तराची वाट न बघता तिने माझ्या भोवतीची फरशी पुसायला घेतली. कमरेतून सरळ खाली, तळहात जमिनीला टेकलेला. मग माझ्या पायाशी थांबली आणि माझी बोटं ते अंगठा हे अंतर स्वतःच्या बोटांनी मोजलं.

"चार बोटं कमी पडतायत," ती म्हणाली. "थोडे दिवस नखं काढू नकोस."