एकाच स्रोताकडून वारंवार येणारे गॅमा स्फोट: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

मॅग्नेटार, म्हणजे अतिप्रबळ चुंबकीय क्षेत्र असलेला न्यूट्रॉन तारा (मृत ताऱ्याचा उरलेला अतिघन गाभा), यावरील माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे: गॅमा किरण आरशाने वा भिंगाने एकवटता येत नाहीत, त्यामुळे उपग्रहाला त्यांची दिशा धड कळत नाही, तेव्हा वेगवेगळ्या दिवशी नोंदलेले स्फोट एकाच स्रोताचे आहेत हा निव्वळ तर्क आहे. शिवाय गॅमा स्फोट ताऱ्याच्या अंताबरोबर होतो आणि तारा दोनदा मरत नाही, म्हणून 'मॅग्नेटार' ही अडचणीतून सुटण्यासाठी काढलेली पळवाट आहे.

पहिला आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्यावर अधिक लिहितो. एकट्या शोधकाला दिशा जेमतेमच कळते, हे खरेच. परंतु 5 मार्च 1979 च्या स्फोटाची जागा कोणा एका शोधकाने सांगितलेली नाही, ती घड्याळांनी सांगितली. त्या दिवशी सोव्हिएत संघाची व्हेनेरा 11 आणि व्हेनेरा 12, अमेरिकेचे पायोनियर व्हीनस, सूर्याभोवती फिरणारे हेलिओस 2 आणि पृथ्वीजवळचे काही उपग्रह असे अनेक साक्षीदार एकमेकांपासून कोट्यवधी किलोमीटर अंतरावर होते. दोन यानांमध्ये 3 कोटी किलोमीटर अंतर आहे असे धरा. ते कापायला प्रकाशाला 100 सेकंद लागतात. स्फोट त्या दोघांना जोडणाऱ्या रेषेच्या दिशेने आला, तर दोन नोंदींत 100 सेकंदांचा फरक पडेल, रेषेशी काटकोनात आला तर काहीच पडणार नाही, आणि मधल्या प्रत्येक फरकाला एक ठरावीक कोन असेल. तो कोन आकाशावर एक वर्तुळ आखतो; तिसऱ्या, चौथ्या यानाची वर्तुळे त्याला छेदतात आणि जागा आवळत जाते. आता अचूकतेचे पाहा. वेळेच्या फरकात एक मिलिसेकंदाची चूक झाली, तर ती 100 सेकंदांच्या एक लाखाव्या भागाइतकी असते आणि काटकोनाच्या आसपास दिशेत तिच्यामुळे जेमतेम दोन विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) फरक पडतो. प्रत्यक्षात घड्याळांचा मेळ आणि यानांची स्थाने यांतील त्रुटी यात भर घालतातच. पण 5 मार्चचा स्फोट एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळात उसळला होता, त्यामुळे नोंदींवर खूण करायला धारदार कडा मिळाली. अखेरीस उरलेला आकाशाचा तुकडा एका चौरस कलेपेक्षाही (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) लहान होता आणि तो मोठा मॅजेलनी मेघ या शेजारच्या छोट्या दीर्घिकेतील एन49 या अतिनवताऱ्याच्या अवशेषावर, म्हणजे स्फोट होऊन मेलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या ढगावर पडला. हा अवशेष आपल्यापासून सुमारे 1 लाख 60 हजार प्रकाशवर्षे दूर आहे.

मुख्य झळाळीनंतर सुमारे तीन मिनिटे किरणांची तीव्रता दर 8 सेकंदांनी चढत-उतरत राहिली. स्वतःभोवती फिरणाऱ्या वस्तूची ही खूण आहे आणि ती वस्तू स्फोटानंतरही शाबूत होती. पुढच्याच दिवशी आणि एप्रिलमध्ये त्याच दिशेने दुबळे स्फोट आले. व्हेनेरावरील 'कोनुस' उपकरणाचे सहा शोधक सहा दिशांना तोंड करून बसवलेले होते, आणि प्रत्येकात किती किरण पडले याच्या तुलनेवरून लेनिनग्राडच्या मझेत्स यांच्या गटाने ही दिशा काढली. या दुबळ्या स्फोटांची जागा मोठ्या स्फोटाइतकी काटेकोर नव्हती. आपला आक्षेप येथे अंशतः लागू पडतो. मात्र धनू राशीतील एसजीआर 1806-20 (एसजीआर म्हणजे सौम्य गॅमा स्फोट पुन्हापुन्हा करणारा स्रोत) या स्रोताने तो प्रश्न फारसा शिल्लक ठेवला नाही. त्याचे शंभराहून अधिक स्फोट जुन्या नोंदींतून सापडले. बहुतेक सेकंदाच्या दहाव्या भागाइतके छोटे, सारख्याच सौम्य वर्णपटाचे, आणि कधी महिनोन्‌महिने शांतता तर कधी एका दिवसात अनेक. इतके सगळे योगायोगाने एकाच दिशेला जमावेत, हे मला पटत नाही.

तारा दोनदा मरत नाही, याविषयी आपल्यात वाद नाही. अमेरिकेच्या व्हेला उपग्रहांनी 1967 पासून टिपलेले आणि 1973 मध्ये जाहीर झालेले स्फोट व हे सौम्य, पुनरावर्ती स्फोट सुरुवातीला एकाच यादीत नोंदले गेले; एसजीआर 1806-20 चा 7 जानेवारी 1979 चा स्फोटही साधा गॅमा स्फोट म्हणूनच नोंदला होता. 1980 च्या दशकात ही दोन घराणी वेगळी झाली. पुनरावर्ती स्फोटांत ताऱ्याचे मरण आधीच होऊन गेलेले असते. स्फोट करतो तो मागे उरलेला न्यूट्रॉन तारा.

मॅग्नेटारची कल्पना डंकन आणि थॉम्प्सन या खगोलशास्त्रज्ञांनी 1992 मध्ये मांडली, आणि पळवाटेचा आरोप मला येथेच सर्वांत कमी पटतो. प्रबळ चुंबकीय क्षेत्र असेल तर तारा वेगाने मंदावला पाहिजे, ही तिची अपेक्षा चुकूही शकली असती. 1998 मध्ये कुवेलिओटू आणि सहकाऱ्यांनी एसजीआर 1806-20 चा स्वतःभोवतीचा फेरा 7.47 सेकंदांचा असल्याचे आणि तो वर्षाला सुमारे 2.6 मिलिसेकंदांनी लांबत असल्याचे दाखवले; त्यावरून निघणारे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजार लाख कोटी पटींहून अधिक भरते. हे क्षेत्र थेट मोजलेले नसून मंदावण्यावरून काढलेले आहे, आणि ताऱ्यातून कणांचा झोत वाहत असेल तर आकडा कमी होईल. पण ऊर्जा कोठून येते, याचे उत्तर तरीही द्यावे लागतेच. 27 डिसेंबर 2004 रोजी याच स्रोताने पाव सेकंदाच्या आत इतकी ऊर्जा सोडली, की ती सोडायला सूर्याला एक लाखाहून अधिक वर्षे लागतील. कित्येक उपग्रहांचे शोधक त्या झळाळीने तुडुंब भरून गेले. रशियाचा कोरोनास-एफ मात्र पृथ्वीआड होता आणि त्याने चंद्रावरून परावर्तित झालेला झोत टिपला, म्हणून तीव्रतेचा आणखी एक अंदाज मिळाला. फिरण्याची ऊर्जा अशा स्फोटाला मुळीच पुरत नाही. चुंबकीय क्षेत्राची पुरते.

आपण शेवटी जुलै 2025 मध्ये फर्मी या गॅमा-किरण अवकाशदुर्बिणीने एकाच दिवसात अनेकदा टिपलेल्या जीआरबी 250702बी या गॅमा स्फोटाचा दाखला दिला आहे. तो स्रोत दूरच्या दीर्घिकेत आहे, तेथून निघालेला प्रकाश सुमारे 8 अब्ज वर्षे प्रवास करून आला, आणि त्याची एकूण ऊर्जा कोणत्याही मॅग्नेटारच्या आवाक्याबाहेरची आहे. कृष्णविवराने तारा फाडला, की एखादा विचित्र तारा आतून कोसळला, यावर अभ्यासकांत एकमत नाही. म्हणून त्याला या लेखात जागा दिली नव्हती.