अनंत म्हंजी कागलच्या पुढं?

पुतणी बारावीला गेल्यापासून आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या घरात सोप्यात बसून निवांत चहा पिणं धोक्याचं झालंय. परवा तिनं वही पुढं सरकवली. एकेक ग्रॅमचे दोन गोळे, दोन्हींवर एकेक मायक्रोकूलोम धन चार्ज, मधलं अंतर १० सेंटिमीटर. सोडून दिले, तर खूप लांब गेल्यावर वेग किती? घर्षणबिर्षण धरायचं नाही.

आबा जुन्या अकरावीचे. "सोप्पं हाय की. बल काढ, त्यातनं त्वरण काढ, सूत्रात घाल." तिनं बल काढलं: ०.९ न्यूटन. आबा खूश. पण गोळे सरकले की बल उतरतं. अंतर दुप्पट झालं की पावच उरतं. आबांचं सूत्र तर त्वरण कायम धरून चालणारं. ते जागेवरच गार झालं.

मग मी ऊर्जा अक्षय्यता काढली: ऊर्जा संपत नाही, नुसतं रूप बदलते. सुरुवातीला सगळी स्थितिज ऊर्जा, म्हणजे गोळे जवळ धरल्यानं साठलेली. दोन्ही चार्जचा गुणाकार, त्याला कूलोमच्या नियमातला तो नऊ अब्जांचा आकडा गुणायचा, अंतरानं भागायचं. ०.०९ ज्यूल. शेवटी तीच सगळी गतिज, म्हणजे पळण्यातली. निम्मी निम्मी वाटली, की प्रत्येकाचा वेग सेकंदाला साधारण साडेनऊ मीटर. मधे काय घडलं, विचारायचंच नाही.

हेच आबांना पटेना. मी स्टेशनवरनं घरी आलो, तरी बिंदू चौकातनं आलास का दसरा चौकातनं, वाटेत कोण भेटलं, ते काय म्हणालं, याची झडती होते. आणि इथं दोन गोळे कुणाला काही न सांगता लांब जाणार!

"लांब म्हंजी किती?"

"अनंत, आबा."

"कागलच्या पुढं?"

कागल राहू दे, गोळ्यांमधलं अंतर १० मीटर होईस्तोवर ९९ टक्के ऊर्जा गतीत आलेली असते. आमच्यापुरतं अनंत समोरच्या पानपट्टीपाशीच संपतं.

"आणि एक गोळा दोन ग्रॅमचा असला तर?"

प्रश्न बेरकी होता. तिथं एकटी ऊर्जा पुरत नाही, संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, तोही अक्षय्य धरावा लागतो. मग हलक्याच्या वाट्याला ०.०६ ज्यूल, जडाच्या वाट्याला ०.०३.

"जड असून कमी?" आबांनी एकदा स्वतःच्या पोटाकडं बघितलं.

पुतणीनं पान उलटलं. आता त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर तीन चार्ज. प्रत्येक जोडी एकदाच मोज, म्हणजे जोड्या तीनच, सहा नव्हे, एवढं सांगून मी कप उचलला.

"बस खाली," आबा म्हणाले. "तिसरा कुठनं आला, ते सांग आधी."