चार मिनिटांच्या टेपवरून माणूस ओळखता येतो का?

नामांकित व्यक्ती चिडून कोणावर तरी ओरडत असल्याची टेप किंवा चित्रफीत बाहेर आली की तिच्यासोबत एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा, की रागाच्या भरातच माणसाचा खरा चेहरा दिसतो, कॅमेरा कधी खोटे बोलत नाही, असामान्य गुणवत्तेच्या माणसांना असा संताप असायचाच आणि तो बाहेर पडलेला बरा, नंतरची माफी मात्र निव्वळ नाटक असते. ही विधाने चटकन पटतात, पण तपासून पाहिली तर त्यांतले एकही जसेच्या तसे टिकत नाही. शिवाय या गदारोळात ज्याच्यावर तो संताप कोसळला तो माणूस पार विसरला जातो, आणि माझी मुख्य तक्रार तीच आहे.

आधी ‘खऱ्या चेहऱ्या’विषयी. जुलै २००८ मध्ये एका चित्रपटाच्या सेटवर अभिनेते ख्रिश्चन बेल छायालेखक शेन हर्लबट यांच्यावर भडकले. दृश्य सुरू असताना हर्लबट त्यांच्या नजरेसमोर आले, एवढेच निमित्त होते. सुमारे चार मिनिटांची ती शिवीगाळ सेटवर ध्वनिमुद्रित झाली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये जगभर ऐकली गेली. त्या दिवशी बेल आपल्या सहकाऱ्याशी अत्यंत वाईट वागले, हे या टेपवरून निःसंशय सिद्ध होते. ते मुळातच तसे आहेत, हे मात्र सिद्ध होत नाही. त्यासाठी वारंवार तसेच वागल्याचा पुरावा लागतो. संतापात दिसते तेवढेच खरे मानायचे, तर त्याच माणसाने शांतपणी केलेले सगळे वर्तन खोटे ठरवावे लागेल, आणि तसे ठरवायला कोणताही आधार नाही. १९६७ साली मानसशास्त्रज्ञ एडवर्ड जोन्स आणि व्हिक्टर हॅरिस यांनी प्रयोगात काही जणांना क्युबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूने किंवा विरोधात लिहिलेले निबंध वाचायला दिले. लेखकाला बाजू नेमून दिली होती, हे स्पष्ट सांगूनही वाचकांचा कल ती लेखकाचीच मते असल्याचे मानण्याकडे राहिला. परिस्थिती डोळ्यांसमोर असतानाही ती बाजूला सारून थेट स्वभावावर बोट ठेवण्याची ही सवय चार मिनिटांची टेप ऐकताना आपल्याला सोडून जाईल, असे मानायचे कारण नाही. उलट अभिनेते-दिग्दर्शक मेल गिब्सन यांच्या बाबतीत २००६ मधील अटकेच्या वेळची ज्यूविरोधी वक्तव्ये, २०१० मध्ये उघड झालेल्या शिवीगाळीच्या टेप आणि २०११ मध्ये मारहाणीच्या आरोपाला त्यांनी न्यायालयात आव्हान न देणे, हे सारे एकत्र ठेवून कोणी निष्कर्ष काढला, तर त्याला निदान पुराव्याची साखळी आहे.

कॅमेरा खोटे बोलत नसेल, पण तो कुठे रोखला आहे यावर पाहणाऱ्याचे मत ठरते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल लॅसिटर यांनी कबुलीजबाबाच्या चित्रणावर अनेक प्रयोग केले. एकच जबाब केवळ संशयितावर कॅमेरा रोखून दाखवला, की तो त्याने स्वखुशीने दिला असे प्रेक्षकांना अधिक वाटते. चौकशी करणारा अधिकारीही चौकटीत दिसू लागला, की हा कल ओसरतो. संतापाच्या चित्रफितींत कॅमेरा बहुतेक वेळा प्रसिद्ध चेहऱ्यावरच खिळलेला असतो. ९ जुलै २००६ रोजी बर्लिनमध्ये फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात फ्रान्सच्या झिनेदिन झिदान यांनी इटलीच्या मार्को मातेराझी यांच्या छातीवर डोके आपटले, ते साऱ्या जगाने पाहिले. त्याआधी मातेराझी काय बोलले, ते कोणत्याही कॅमेऱ्याने ऐकले नव्हते. चौकशीनंतर फिफाने झिदान यांच्यावर तीन आणि मातेराझी यांच्यावर दोन सामन्यांची बंदी घातली. मातेराझी यांनी झिदान यांच्या बहिणीवरून केलेल्या अपमानाने ती धडक क्षम्य ठरली नाही, पण घटना जेवढी दिसली तेवढीच नव्हती, हेही नोंदले गेले.

गुणवत्ता आणि संताप यांची सांगड घालणारे टेनिसपटू जॉन मॅकेन्रो यांचे नाव घेतात. १९८१ च्या विम्बल्डनमध्ये ते पंचांवर ओरडले आणि ती स्पर्धाही त्यांनीच जिंकली, हे खरे आहे. पण १९८४ च्या फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यात पहिले दोन सेट जिंकल्यावर कॅमेरामनच्या हेडसेटमधून येणाऱ्या आवाजाने ते बिथरले, हेडसेट हातात घेऊन त्यातच ओरडले, आणि पुढचे तीनही सेट प्रतिस्पर्धी इव्हान लेंडल यांनी जिंकले. त्या स्पर्धेचे एकेरीचे विजेतेपद मॅकेन्रो यांना कधीच मिळाले नाही. १९९० च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तर २-१ अशा सेटच्या आघाडीवर असताना गैरवर्तनामुळे त्यांना बाद करण्यात आले. आणि १९७६ ते १९८० अशी सलग पाच वर्षे विम्बल्डन जिंकणारे बियॉन बोर्ग कोर्टवरच्या थंड डोक्यासाठीच ओळखले जात होते.

डिसेंबर २०२० मध्ये अभिनेते आणि निर्माते टॉम क्रूझ यांची चित्रपटाच्या सेटवरची टेप आली तेव्हा त्यांना मोठा पाठिंबा मिळाला, कारण कोरोनाचे अंतराचे नियम मोडणाऱ्या कर्मचाऱ्यांवर ते ओरडत होते. मुद्दा योग्यच होता. तरीही नोकरीवरून काढण्याची धमकी देणारा निर्माता आणि त्याला उलट उत्तर देण्याची सोय नसलेले कर्मचारी ही विषमता योग्य मुद्द्याने नाहीशी होत नाही, आणि सुरक्षेचा नियम ठाम शब्दांत, शिव्या न देताही सांगता येतो. राग बाहेर काढला की तो शमतो, ही समजूतही २००२ साली मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांच्या प्रयोगात टिकली नाही. ज्याने डिवचले त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे विद्यार्थी अधिक चिडलेले आढळले; काहीही न करता बसून राहिलेल्यांचा राग तुलनेने कमी होता.

राहिली माफी. माफी मागणाऱ्याच्या मनात काय आहे ते बाहेरून कळत नाही, पण ती कोणाकडे मागितली आणि त्यासोबत कोणती किंमत मोजली, हे तपासता येते. २७ मार्च २०२२ रोजी ऑस्कर सोहळ्यात विनोदवीर ख्रिस रॉक यांना थप्पड मारल्यानंतर अभिनेते विल स्मिथ यांनी पुरस्कार स्वीकारताना ऑस्कर देणाऱ्या अकादमीची आणि इतर नामांकितांची क्षमा मागितली. ज्याला मारले त्याचा उल्लेखही केला नाही. दुसऱ्या दिवशीच्या निवेदनात रॉक यांचे नाव आले, त्यानंतर काही दिवसांत स्मिथ यांनी अकादमीचे सदस्यत्व सोडले, आणि अकादमीने त्यांना आपल्या कार्यक्रमांना दहा वर्षे बंदी केली. पहिली माफी अपुरी होती आणि दुसरी तिच्याहून बरी, एवढे यावरून ठामपणे म्हणता येते. सगळ्याच माफीला नाटक म्हटले, की हा फरक पाहायचे कारणच उरत नाही. रॉक यांनी त्या रात्री पोलिसांत तक्रार देण्यास नकार दिला होता; स्मिथ यांची माफी स्वीकारायची की नाही, हेही त्यांनीच ठरवायचे आहे, चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांनी नव्हे.