तंबाखूचं ‘कॉम्प्युटर मॉडेल’ आणि गिरणेचा पाणीहिशेब: फिरत्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या आमच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘तंबाखूवर कर वाढवला, नियम कडक केले तर इतके लाख जीव वाचतील’ हे आकडे कॉम्प्युटरसमोर बसून काढलेले असतात, प्रत्यक्ष कुणी मोजलेले नसतात. गुटखाबंदी झाली तरी टपरीवर पुडी मिळतेच. ही मॉडेलं परदेशी, आपल्याला लागू नाहीत. तंबाखूच्या करावर सरकार चालतं. आणि शेवटी अहिराणीत ठसका: “मना आजा तंबाखू खाईसन नव्वद वरीस जगना.”

पाठवणाऱ्यांत माझी जवळची माणसं आहेत, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय. त्यातला एक मुद्दा बराचसा खरा आहे. तोही सांगतो.

“आकडे कॉम्प्युटरसमोर बसून काढलेले.” हो, तसेच काढतात. पण गिरणा धरणाचं काय होतं? पावसाळा सरला की रब्बीला किती आवर्तनं (कालव्याच्या पाण्याच्या पाळ्या) मिळतील ते कागदावरच ठरतं. मे महिन्यातलं पाणी ऑक्टोबरात कुणी मोजलेलं नसतं. आजचा साठा, कालव्याला जाणारं, पिण्यासाठी राखलेलं, उन्हानं उडणारं, यांवरून हिशेब मांडतात आणि शेतकरी त्यावर हरभरा की गहू ते ठरवतो. तंबाखूचं मॉडेल म्हणजे हाच हिशेब, फक्त पाण्याच्या जागी माणसं. नव्यानं तंबाखू धरणारी पोरं ही आवक. सोडणारे आणि मरणारे ही जावक.

समजा, एका गावात २६६ जण तंबाखू खातात. दरवर्षी १० नवे लागतात, ५ सोडतात, ४ मरतात. वीस वर्षांनी खाणारे २८६ होतील. आता समजा, कर वाढल्यामुळे नवे ७ च लागले आणि सोडणारे ६ झाले. वीस वर्षांनी उरतील २०६. एका वर्षात हा फरक डोळ्याला दिसतही नाही, वीस वर्षांत तो ८० माणसांचा होतो. आकडे मी समजावण्यापुरते धरलेत, पण रीत हीच आहे. खऱ्या मॉडेलमध्ये वयाप्रमाणे, स्त्री-पुरुषांप्रमाणे वेगळे कप्पे असतात आणि प्रत्येक कप्प्याला मृत्यूचा वेगळा दर असतो. तंबाखूचा कर्करोग दिसायला दशकं जातात. एका जळगावात नियम लावून आणि दुसऱ्या जळगावात न लावून तीस वर्षं वाट पाहत बसता येत नाही, कारण दुसरं जळगावच नाही. म्हणून ते कॉम्प्युटरमध्ये उभं करावं लागतं.

आणि हा हिशेब मागच्या काळावर ताडून पाहता येतो. अमेरिकी संशोधक डेव्हिड लेव्ही यांच्या ‘सिमस्मोक’ या तंबाखूच्या मॉडेलनं ब्राझीलचा हिशेब मांडला, तो २०१२ साली प्रसिद्ध झाला. तिथं धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचं प्रमाण १९८९ मध्ये ३४.८ टक्के होतं, २००८ मध्ये १८.५ टक्के झालं. मॉडेलचा आलेख पाहणीतल्या आकड्यांच्या जवळून गेला. नियमांमुळे जी घट झाली तिच्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या किंमतवाढीचा निघाला आणि २०१० पर्यंत सुमारे ४ लाख २० हजार मृत्यू टळल्याचा अंदाज आला.

सगळीच मॉडेलं इतक्या पक्क्या जमिनीवर उभी नसतात. सिगारेटमधलं निकोटिन कमी करायला लावलं तर काय होईल, याचं अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनाचं मॉडेल २०१८ मध्ये आलं. त्यानुसार २१०० पर्यंत ८० लाख मृत्यू टळतील. पण असा नियम तेव्हा कुठेच लागू नव्हता, म्हणून किती लोक सोडतील हे आठ तज्ज्ञांना विचारून धरलं होतं. त्या आकड्यावर मीही कमी भार टाकेन. पण काय धरलं ते त्यांनी उघड छापलं. मेसेजवाल्यानं काय धरलंय ते कुठे लिहिलंय?

“बंदी आहे तरी पुडी मिळते.” मिळते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटखाबंदी आहे आणि शिरपूरकडून, नवापूरकडून माल येतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण प्रश्न ‘मिळते का’ हा नाही. बंदी नसती तर किती जास्त खपली असती, हा आहे. राज्यात तंबाखू वापरणारे प्रौढ २००९-१० च्या पाहणीत ३१.४ टक्के होते, २०१६-१७ मध्ये २६.६ टक्के. ही सगळी घट बंदीमुळेच झाली असं मी म्हणणार नाही. त्या काळात कर वाढले, पाकिटावरची चित्रंही मोठी झाली. कुणाचा वाटा किती, हे वेगळं काढायलाच मॉडेल लागतं. चोरटा माल त्यात गळतीसारखा धरता येतो, जशी पाटचारीतली गळती धरतात.

“परदेशी मॉडेल.” हा तो खरा मुद्दा. बहुतेक मॉडेलं सिगारेटभोवती बांधलेली आहेत. आपल्या राज्यात २०१६-१७ मध्ये धूर काढणारे ३.८ टक्के आणि बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. इथं चुन्याची डबी आहे, विडी आहे, सकाळी मशेरी लावणारी आजी आहे. गुटख्यावर बंदी आली की पानमसाला एका पुडीत, जर्दा दुसऱ्या पुडीत, आणि टपरीवरच दोन्ही एकत्र. सिगारेट महागली की माणूस विडीवर उतरतो. या पळवाटा ज्या मॉडेलमध्ये नाहीत, त्याचं उत्तर आपल्यासाठी चुकेल. पण म्हणून हिशेबच टाकून द्यायचा? भारतासाठी २०१३ मध्ये झालेल्या एका अभ्यासात सिगारेटीसोबत विडीही धरली होती. हृदयविकार आणि पक्षाघाताचे मृत्यू टाळायला धूरमुक्त जागांचा कायदा आणि करवाढ हे उपाय त्यात सर्वांत पुढे निघाले. आपल्याला हवंय ते मशेरी आणि मावा धरलेलं मॉडेल. त्यासाठी नंदुरबारच्या पाड्यावर किती बायका मशेरी लावतात, कोणत्या वयात धरतात, हे कुणीतरी घरोघर जाऊन विचारायला हवं. मेसेजनं ही मागणी केली असती तर मी स्वतः पुढे पाठवला असता.

“करावर सरकार चालतं.” २०१७-१८ मध्ये तंबाखूच्या आजारांचा आणि अकाली मृत्यूंचा देशाला बसलेला भुर्दंड १ लाख ७७ हजार ३४१ कोटी रुपये काढला गेला. तंबाखूवरच्या उत्पादन शुल्कातून तेव्हा त्याचा साधारण आठवा हिस्साच परत येत होता.

राहिला नव्वदीचा आजा. तो खरा असेल. ब्रिटनमध्ये १९५१ पासून पन्नास वर्षं डॉक्टरांचाच मागोवा घेतला. सिगारेट ओढणारे सरासरी १० वर्षं आधी गेले. पन्नाशीत सोडणाऱ्यांना ६ वर्षं परत मिळाली. ते सिगारेटचं होतं. पुडीचं मी माझ्या मामांच्या घरी पाहिलंय, चोपड्याला. सुपारी-तंबाखूनं तोंड आखडत गेलं. निरोगी तोंडात तीन बोटं उभी मावतात, त्यांच्या तोंडात एक जेमतेम जायचं. मामी भाकर शेवभाजीच्या रश्शात कालवून, पार लगदा करून चमच्यानं भरवायची. चोपन्नाव्या वर्षी गेले. आजा ग्रुपवर येतो, कारण त्याची गोष्ट सांगायला नातू आहे. मामांना नातू बघायला मिळाला नाही. मॉडेलमध्ये मात्र दोघंही मोजलेले असतात.